डबक्यातील रंगांपासून औंढा नागनाथपर्यंत
तरंगलांबी नावाच्या मोजपट्टीची कहाणी

पावसाळ्याचे दिवस आहेत. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले केनवड गाव. रस्त्याच्या कडेला डबकी साचली आहेत. कोणाच्या तरी मोटारसायकलमधून तेलाचा एक थेंब डबक्यात पडतो, पसरतो आणि काळ्या पाण्यावर तांबडे, हिरवे, जांभळे पट्टे उमटतात. शाळेला निघालेली मुले थांबतात, काठीने ते रंग ढवळतात आणि वर्गात आल्यावर विचारतात, “सर, तेलाला रंग नाही, पाण्यालाही नाही, मग हे रंग आले कुठून?”

हा प्रश्न केनवडच्याच काय, कोणत्याही गावच्या शिक्षकाला कधी ना कधी विचारला गेलेला असतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा आम्हांला याचे उत्तर एका शब्दात मिळाले होते : ‘व्यतिकरण’. पुढे महाविद्यालयात एक सूत्र मिळाले. त्यात आकडे घालायचे, उत्तर काढायचे आणि गुण मिळवायचे. त्या सूत्रातली तरंगलांबी उदाहरणात आयतीच दिलेली असे. ती पहिल्यांदा कोणी मोजली, कशी मोजली, आणि डोळ्यांना कधीही न दिसणारी ही लांबी मोजून माणसाला काय मिळाले, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

आता मात्र हे सांगण्याची वेळ आली आहे. कारण नकाशावर केनवडवर बोट ठेवून रिसोडवरून दक्षिणेकडे सरकत गेले की आपण शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला पोहोचतो. नागनाथाच्या प्राचीन देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत आहे. तिचे काम ज्या तत्त्वावर चालणार आहे, तेच तत्त्व डबक्यावरच्या तेलात रंग भरते. म्हणून ही कहाणी डबक्यापासून सुरू करू.

न्यूटनने जाडी मोजली

पातळ पापुद्र्यांवरचे रंग सतराव्या शतकातल्या लोकांनीही पाहिले होते. रॉबर्ट हूकने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अभ्रकाच्या पापुद्र्यांवरील रंगांचे वर्णन केले आहे. पण पापुद्र्याची जाडी किती असली म्हणजे कोणता रंग दिसतो, हे त्याला मोजता आले नाही. इतकी कमी जाडी मोजायची तरी कशाने?

न्यूटनने यावर साधी युक्ती काढली. त्याने एका सपाट काचेवर अगदी किंचित फुगीर असलेले भिंग ठेवले. जिथे दोन्ही काचा टेकतात तिथे मधल्या हवेची जाडी शून्य असते आणि तिथून बाहेर जावे तशी ती हळूहळू वाढत जाते. वरून पाहिले तर टेकलेल्या बिंदूभोवती रंगीत वर्तुळे दिसतात. भिंगाची गोलाई माहीत असली आणि वर्तुळाचा व्यास मोजला, की त्या जागी हवेची जाडी किती हे भूमितीने काढता येते. म्हणजे मोजायचे ते मिलिमीटरमध्ये आणि कळायचे ते मिलिमीटरच्या हजाराव्या-दहा हजाराव्या भागात! पहिल्या वर्तुळाच्या सर्वांत तेजस्वी भागापाशी हवेची जाडी त्याला एका इंचाचा १,७८,००० वा भाग इतकी आढळली. हे सारे १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रकाशावरील ग्रंथात आहे.

न्यूटनने आणखी एक महत्त्वाची गोष्ट पाहिली. अंधाऱ्या खोलीत लोलकाने प्रकाशाचे रंग वेगळे करून त्याने एकेक रंग या काचांवर पाडला. तांबड्या प्रकाशात वर्तुळे मोठी दिसली, जांभळ्या प्रकाशात ती आकसली. रंग बदलत नेला की वर्तुळे फुगत किंवा मिटत जात आणि हे पाहताना आपल्याला आनंद झाल्याचे त्याने नमूद केले आहे. म्हणजे रंग आणि लांबी यांचा संबंध न्यूटनच्या हातात आलेला होता. पण प्रकाश हा कणांचा बनलेला आहे असे त्याचे मत असल्याने तो ‘तरंग’ म्हणायला तयार झाला नाही. ठरावीक अंतराने प्रकाशकणांना परावर्तित होण्याचे आणि आरपार जाण्याचे झटके येतात, अशी कल्पना त्याने मांडली. मोजमाप अचूक होते, अर्थ लावणे मात्र शंभर वर्षे लांबले.

यंगचे कार्ड

थॉमस यंग हा लंडनचा डॉक्टर. ध्वनीचा अभ्यास करताना त्याच्या लक्षात आले की दोन स्वर एकत्र आले तर काही क्षणी आवाज वाढतो आणि काही क्षणी दबतो. तळ्यात दोन ठिकाणी खडे टाकले तर लाटांचेही असेच होते. जिथे उंचवट्यावर उंचवटा येतो तिथे पाणी जास्त उसळते; जिथे उंचवट्यावर खळगा येतो तिथे पाणी स्तब्ध राहते. प्रकाशही असाच असेल तर? १८०१ साली रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात त्याने हा विचार मांडला आणि त्यासाठी पुरावा म्हणून न्यूटनचीच मोजमापे वापरली.

पातळ हवेच्या थरात प्रकाशाचा एक भाग वरच्या पृष्ठावरून परततो आणि दुसरा खालच्या पृष्ठावरून. दुसऱ्याला थर दोनदा ओलांडावा लागतो, म्हणून तो मागे पडतो. शिवाय खालच्या काचेवर आपटून परतताना तरंग उलटा होतो, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा फरक आपोआप पडतो. तेव्हा थराची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असली की जाण्या-येण्यात आणखी अर्धी तरंगलांबी जाते, दोन्ही फरक मिळून पूर्ण एक तरंगलांबी होते आणि उंचवट्यावर उंचवटा येतो. हे पहिले तेजस्वी वर्तुळ.

आता न्यूटनचा आकडा घ्या. एका इंचाचा १,७८,००० वा भाग, त्याची चौपट म्हणजे सुमारे ४४,५०० वा भाग. आजच्या भाषेत सुमारे ५७० नॅनोमीटर. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश.) ही पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी झाली! ती न्यूटनच्या वहीत शंभर वर्षे पडून होती. फक्त कोणी चाराने गुणले नव्हते. यंगने असाच हिशेब सगळ्या रंगांसाठी केला. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत टोकाच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी इंचाचा ३६,००० वा भाग आणि टोकाच्या जांभळ्याची ६०,००० वा भाग अशी दिली आहे. म्हणजे अनुक्रमे सुमारे ७०० आणि ४२० नॅनोमीटर. आजची पाठ्यपुस्तके उघडून पाहावीत, फारसा फरक आढळणार नाही.

यंगचा १८०३ सालचा प्रयोग तर कोणत्याही शाळेला परवडेल असा आहे. खिडकीच्या झडपेला सुईने छिद्र पाडून त्याने सूर्यकिरण आत घेतला आणि त्यात इंचाच्या तिसाव्या भागाइतक्या रुंदीची कार्डाची पट्टी कड पुढे करून धरली. पट्टीच्या सावलीत उभे रंगीत पट्टे दिसले. मग त्याने पट्टीच्या एका बाजूने येणारा प्रकाश अडवला. सावलीतले पट्टे तत्काळ नाहीसे झाले, वास्तविक दुसऱ्या बाजूचा प्रकाश तसाच येत होता. दोन्ही बाजूंचा प्रकाश एकत्र आल्याशिवाय पट्टे होत नाहीत, हे यावरून सिद्ध झाले. एका प्रकाशात दुसरा प्रकाश मिळवला तर अंधार होऊ शकतो, ही गोष्ट कणांच्या कल्पनेने सांगता येत नव्हती.

पण न्यूटनच्या नावाचा दरारा मोठा होता. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात हेन्री ब्रूहॅमने यंगची जहरी टिंगल केली. यंगने उत्तरादाखल पुस्तिका छापली, तिची एकच प्रत खपली असे सांगतात. यंगच्या बाजूने कौल लागला तो फ्रान्समध्ये. फ्रेनेलने तरंगांचे पक्के गणित मांडले. प्वासाँ या गणितज्ञाने त्यावर आक्षेप घेतला की, हे गणित खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यभागी तेजस्वी ठिपका दिसायला हवा. अरागोने प्रयोग करून पाहिला, तर ठिपका खरोखरच तिथे होता! १८१९ साली फ्रेंच अकादमीचे पारितोषिक फ्रेनेलला मिळाले.

रंग बदलला की पट्टे का सरकतात?

दोन बारीक फटींतून आलेला प्रकाश पडद्यावर पडला की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. लागोपाठच्या दोन उजळ पट्ट्यांतील अंतर काढायचे तर तरंगलांबीला पडद्याच्या अंतराने गुणावे आणि फटींमधल्या अंतराने भागावे. फटी अर्धा मिलिमीटर अंतरावर आणि पडदा एक मीटरवर असेल, तर ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात पट्टे १.३ मिलिमीटर अंतरावर पडतील आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात ०.९ मिलिमीटरवर. लांब ढांगेच्या माणसाची पावले दूरदूर पडतात, आखूड ढांगेच्या माणसाची जवळजवळ. यात याहून गूढ काही नाही.

पांढऱ्या प्रकाशात सर्व ढांगांची माणसे एकदम निघतात. सुरुवातीच्या एकदोन पावलांपर्यंत त्यांचे ठसे ओळखू येतात, पुढे सगळा गोंधळ. म्हणूनच तेलाचा थर फार जाड झाला की रंग नाहीसे होतात. डबक्यावर रंग दिसतात याचाच अर्थ तेथे तेलाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास आहे.

फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६२ साली यापुढचे पाऊल टाकले. मिठाने ज्योत पिवळी होते, तो सोडियमचा प्रकाश. या प्रकाशात न्यूटनची वर्तुळे पाहत त्याने भिंग हळूहळू वर उचलले. वर्तुळे एकामागून एक सरकत गेली. सुमारे पाचशेव्या वर्तुळापाशी ती पुसट होऊन दिसेनाशी झाली आणि हजाराव्याच्या सुमारास पुन्हा स्पष्ट झाली! कारण सोडियमचा पिवळा प्रकाश एक नसून दोन आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरचे. त्यांच्यात साधारण हजारात एकाचा फरक आहे. पाचशे पावलांनंतर एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो, हजार पावलांनंतर दोघांचे पुन्हा जुळते. डोळ्याला एकच वाटणारा रंग पट्ट्यांनी असा फोडून दाखवला.

मोजपट्टी उलटी झाली

इथपर्यंत माणूस इंचाने तरंगलांबी मोजत होता. पण इंच तरी कशाने मोजायचा? हा प्रश्न आपल्या विदर्भाच्या मातीतही कोणाला तरी छळत होता. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी करणारा विल्यम लॅम्ब्टन पोलादी साखळीने जमीन मोजत दक्षिणेकडून वर आला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारला. उन्हाने साखळी वाढते, थंडीने आखडते, वापरून झिजते. धातूची कोणतीही पट्टी कायम एकाच लांबीची राहील याचा भरवसा नाही.

अमेरिकेच्या अल्बर्ट मायकेलसनने ही अडचण उलट बाजूने सोडवली. त्याने असे उपकरण तयार केले की एकच प्रकाशकिरण अर्धपारदर्शक काचेवर दोन भागांत विभागला जातो, दोन्ही भाग काटकोनातल्या दोन भुजांमध्ये जाऊन आरशांवरून परततात आणि पुन्हा एकत्र होतात. एका भुजेची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याने जरी बदलली, तरी उजळ पट्ट्याच्या जागी पुढचा उजळ पट्टा येतो. पट्टे मोजत जायचे, की लांबी मोजून होते. १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र येथे प्रमाण मीटर ठेवलेल्या संस्थेत त्याने मोजून दाखवले, की एका मीटरमध्ये कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ तरंगलांब्या मावतात. आता तरंगलांबी ही मोजायची वस्तू राहिली नाही, ती स्वतःच मोजपट्टी झाली. १९६० साली क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर, अशी जगाने अधिकृत व्याख्याच केली. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते.

याच उपकरणाने मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ साली क्लीव्हलंडमध्ये तो प्रसिद्ध ‘फसलेला’ प्रयोग केला. प्रकाश ज्यातून जातो असे मानत त्या ईथरमधून पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर उपकरण काटकोनात फिरवल्यावर पट्टे सरकायला हवेत. किती? भुजेतला मार्ग ११ मीटर. पृथ्वीच्या व प्रकाशाच्या वेगांच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे दहा कोटींत एक. तेव्हा एकूण फरक २२ मीटरचा दहा कोटीवा भाग, म्हणजे २२० नॅनोमीटर. त्याला पिवळसर प्रकाशाच्या ५५० नॅनोमीटरने भागले की ०.४ पट्टा. प्रत्यक्षात याच्या विसाव्या भागाइतकीही सरक दिसली नाही. ईथर दिसला नाही, पण पट्ट्याच्या शंभराव्या भागापर्यंत पाहण्याची नजर माणसाला आली. १९०७ साली मायकेलसनला नोबेल पारितोषिक मिळाले.

औंढ्याच्या माळावर

लायगो म्हणजे मायकेलसनचेच उपकरण, फक्त त्याच्या भुजा चार-चार किलोमीटर लांब. दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात गुरुत्वीय तरंग उठतात. ते पृथ्वीवरून जाताना एक भुजा किंचित ताणतात आणि दुसरी आखडतात. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी असा तरंग प्रथम टिपला आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी तो जाहीर झाला.

भुजेच्या लांबीत किती फरक पडला? एका मीटरचे, एकावर अठरा शून्ये देऊन होतील इतके भाग करावेत आणि त्यांतले चार घ्यावेत. प्रोटॉनच्या व्यासाचा हा सुमारे चारशेवा भाग. लायगोत वापरतात त्या लेसरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. या मोजपट्टीच्या एका खुणेचे सुमारे २६,६०० कोटी भाग करून त्यातला एक भाग वाचायचा! हे साधते ते दोन युक्त्यांनी. पहिली, प्रकाशाला भुजेत सुमारे तीनशे वेळा ये-जा करायला लावतात, त्यामुळे चार किलोमीटरची भुजा बाराशे किलोमीटरसारखी वागते. दुसरी, पट्टे मोजत बसण्याऐवजी दोन्ही किरण एकमेकांना जवळजवळ खोडून काढतील असे उपकरण ठेवतात आणि त्या अंधारात उजेडाची झुळूक येते का ते पाहतात. प्रखर लेसरमुळे ही झुळूक मोजता येते.

यात मराठी मुलखाचा वाटा जुना आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे एकच प्रश्न सोडवत होते : गोंगाटात बुडालेला एवढासा तरंग ओळखायचा कसा? बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या विषयातील पायाभूत कामांपैकी आहे. भारतीय वेधशाळेला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. आयुकाबरोबर गांधीनगर, इंदूर व मुंबईच्या संस्था यात आहेत.

एक अवघड प्रश्न

हुशार विद्यार्थी इथे हटकून विचारतो : “गुरुत्वीय तरंगाने भुजा ताणली, तर भुजेतला प्रकाशही ताणला जाईल. कापड आणि गजकाठी दोन्ही सारखीच ताणली, तर फरक कळणार कसा?” हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, तज्ज्ञांनाही तो सतत विचारला जातो. त्याला गप्प बसवू नये.

उत्तर असे. तरंग आला त्या क्षणी भुजेत असलेला प्रकाश खरोखरच ताणला जातो. पण तो तिथे राहतोच कुठे? चार किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचे सुमारे २७ दशलक्षांश भाग पुरतात. २०१५ च्या तरंगाची कंपने मात्र सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत, म्हणजे त्या मानाने फारच संथ होती. जुना प्रकाश निघून जातो, लेसरमधून ताजा प्रकाश येत राहतो आणि त्याची तरंगलांबी लेसरच ठरवतो. या ताज्या प्रकाशाला लांबलेल्या भुजेतून परतायला अधिक वेळ लागतो, त्याचा उंचवटा उशिरा पोहोचतो आणि पट्टा हलतो. गजकाठी दर क्षणाला नवी मिळत असते, हे यातले मर्म.

शांतता कोणाच्या हातात?

इतके नाजूक उपकरण गावापासून दूर का ठेवतात हे आता वेगळे सांगायला नको. ट्रकची ये-जा, खोदकाम, सुरुंग यांचा हादरा त्याला पोहोचतो. लिव्हिंग्स्टनच्या परिसरात झाडे तोडण्याच्या कामामुळे पूर्वी दिवसा निरीक्षणे घेणे अवघड होत असे. आपल्याकडे जमीनही अगदी मुकी नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला. यासाठी आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांना टांगून ठेवतात. पण यंत्राने करायचे ते यंत्र करील, आजूबाजूच्या माणसांनी करायचे ते कोण करणार? ‘तिकडे काहीतरी सरकारी चालले आहे’ एवढेच ठाऊक असलेल्या गावात अफवाही लवकर पसरतात. त्या माळावर काय चालते हे औंढा, सेनगाव, रिसोड आणि केनवडच्या शाळांतून मुलांना कळले, तर तेथील शांतता जपायला वेगळा पहारा लागणार नाही. ही जबाबदारी शिक्षकांची आहे असे आम्हांला वाटते.

वर्गात करून पाहा

डोक्याचा एक केस चिकटपट्टीने उभा ताणून बसवा. अंधाऱ्या वर्गात तांबड्या लेसर-टॉर्चचा झोत त्यावर सोडा आणि दोन मीटरवरील भिंतीवर पाहा. लेसर कोणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये, याची खबरदारी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. भिंतीवर ठिपक्यांची आडवी रांग दिसेल. ही यंगच्या कार्डाची धाकटी बहीण. मधला पट्टा सोडून लागोपाठच्या दोन काळ्या जागांमधले अंतर मोजा. तरंगलांबीला (६५० नॅनोमीटर) दोन मीटरने गुणून या अंतराने भागले की केसाची जाडी मिळते. अंतर १६ मिलिमीटर आले तर केस मिलिमीटरच्या सुमारे आठ शतांश जाडीचा. मग तोच केस ठेवून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर लावा. केस बदललेला नाही, तरी अंतर १३ मिलिमीटरच्या आसपास येईल. ठिपके का आकसले, हे मुलांनाच सांगू द्या.

आणि पावसाळा असेल तर त्याआधी मुलांना रस्त्यावरच्या डबक्यापाशी घेऊन जा.